त्रिकोणाचा चौरस लाकडात: फट नाही, काटकोन आहे, तरी चौकटीत बसत नाही

रापण (धागाकर्ता)

समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करायचे आणि त्याच चार तुकड्यांचा चौरस जुळवायचा, हे इंग्रज कोडेकार ड्यूडेनीचं जुनं कोडं ९ मिमी प्लायवूडमध्ये कापलं आहे. त्रिकोणाची बाजू २०० मिमी, कापायला हाताची फ्रेट सॉ (बारीक पात्याची करवत). त्रिकोण छान बंद होतो. चौरस जुळवला तर आत कुठेही फट नाही, चारही कोपऱ्यांना गुण्या बरोबर लागतो. पण १३२ बाय १३२ ची चौकट केली तर एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला खुळखुळतं. कॅलिपरने मोजलं तर १३२.० आणि १३०.६.

खुणा अशा केल्या: त्रिकोण अबक, पाया अक. अब चा मध्य ड, बक चा मध्य इ. पायावर अ पासून ५० मिमीवर ज, १५० वर ख. मग इज ही रेघ जोडली, आणि ड व ख मधून तिच्यावर लंब टाकले. लंबांचे पाय अनुक्रमे ल आणि म. असे वीस संच करायचे आहेत, गणपतीपर्यंत. कापण्याआधी चूक कळली तर बरं.

दशांशदास

५० आणि १५०, इथेच घोळ आहे. ज हा बिंदू पायाच्या बरोबर पाव भागावर नसतो, त्याच्या अगदी जवळ असतो. बहुतेक जण तिथेच फसतात, कारण चित्रात तो पाव भागावर आहे असंच वाटतं.

२०० च्या त्रिकोणाला खरी मापं: अज ५०.९, जख १००.०, खक ४९.१. म्हणजे ख हा अ पासून १५०.९ वर येतो. मग इज १३१.६ भरते आणि तीच चौरसाची बाजू.

पडताळा घ्यायला आणखी मापं देतो. इज वर जल ५६.३, लम १९.०, मइ ५६.३. बेरीज १३१.६. डल आणि खम हे दोन्ही लंब ६५.८, म्हणजे चौरसाच्या बाजूचे निम्मे. दोन लंब एकमेकांशी जुळले नाहीत तर खूण चुकली. ते जुळले पण इज च्या निम्मे भरले नाहीत, तर ज ची जागा चुकली. करवत हातात घ्यायच्या आधी एवढं मोजा.

दुसऱ्या मापाचा त्रिकोण असेल तर बाजूला या आकड्यांनी गुणा: अज ०.२५४५, खक ०.२४५५, चौरसाची बाजू ०.६५८०.

आता तुमच्या १३२.० आणि १३०.६ कडे बघू. ५० वर खूण केली की इज १३२.३ होते. क्षेत्रफळ तर बदलत नाही (१७३२०.५ चौ. मिमी), म्हणून दुसरी बाजू १३०.९ येते. तुमची दोन्ही मापं याहून बरोबर ०.३ ने कमी आहेत. ते ०.३ म्हणजे तुमच्या पात्याने खाल्लेलं लाकूड. हात चांगला आहे, चूक कागदावर झाली.

रापण

हे भारी आहे. पण मग फट का नाही पडली? खूण चुकली तर तुकडे जुळायलाच नकोत ना?

दशांशदास

या कोड्याची गंमत तीच आहे. त्रिकोणातून चौरसाकडे जाताना प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याच्या मानाने बरोबर अर्धा फेरा फिरतो: ड भोवती, इ भोवती, ख भोवती. अब ची दोन अर्धी एकमेकांवर येतात, बक ची दोन अर्धी एकमेकांवर, आणि पायावर अज व खक मिळून जख च्या समोर येतात. ड आणि इ मध्यावर असतील आणि जख पायाच्या निम्मी असेल, तर ज थोडा इकडेतिकडे सरकला तरी सगळं बंद होतंच. लंब टाकलेत म्हणून कोपरेही काटकोनात येतात. फक्त चौरसाऐवजी आयत येतो. फट दिसत नाही म्हणून सगळं बरोबर आहे, असं या कोड्यात धरू नये.

समकोणी

दशांशाशिवाय हवं असेल तर कंपासने होतं. अ मधून इ कडे जाणारी रेघ पुढे फ पर्यंत वाढवा, इफ = इब ठेवा. अफ चा मध्य घेऊन अफ व्यासाचं अर्धवर्तुळ काढा. इब ही रेघ ब च्या पुढे वाढवा, ती अर्धवर्तुळाला जिथे छेदेल तो ह. इह हीच चौरसाची बाजू. आता इ केंद्र, इह त्रिज्या, चाप पायावर जिथे पडेल तो ज. तिथून क च्या दिशेने पायाचं निम्मं अंतर मोजा, तो ख.

आयताएवढा चौरस काढायची ही नेहमीचीच रीत. आयताचा चौरस करण्याची कृती आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे, पण ती दोरीने, भाग कापून शेजारी लावून.

वीस संच करायचे तर एकदाच पत्र्याचा किंवा जाड ॲक्रिलिकचा साचा करा. प्रत्येक वेळी कंपास लावलात तर वीस वेगळे चौरस मिळतील.

फणसाची_फळी

प्लायचं ठीक आहे. अखंड लाकडात वेगळंच होतं. फणसाच्या १२ मिमी फळीतले तुकडे फेब्रुवारीत मापात बरोबर होते. जुलैत फट नाहीच, पण चौरस तिरका झाला, कर्णांत दीड-पावणेदोन मिमीचा फरक. खुणा ५०.९ वरच होत्या.

गजाली

पावसात लाकूड फुगतलाच, तेका कोण काय करतलो? संच दिवाळीक विका.

करवतकाठी

गजाली, विक्री दिवाळीला केली तरी पुढच्या आषाढात गिऱ्हाईक परत येणारच :)

फणसाची_फळी, तुमचं लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने सुमारे १ टक्का फुगलंय. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. सागासारखं शांत लाकूडसुद्धा ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत आडव्या दिशेने कापानुसार अडीच ते सहा टक्के आकसतं. किनारपट्टीवर हिवाळ्यातल्या आणि श्रावणातल्या हवेत जेवढा फरक असतो, तेवढ्यात एक टक्का हलणं काही विशेष नाही.

तरी फट पडत नाही, आणि कारण दशांशदास यांनी वर दिलंच आहे. अर्ध्या फेऱ्यानंतर लाकडाच्या रेषा पुन्हा त्याच दिशेला येतात. चारही तुकड्यांच्या रेषा त्रिकोणात समांतर आणि चौरसातही समांतर. सगळे एकाच दिशेने, एकाच प्रमाणात फुगतात, सांधे बंदच राहतात. बाहेरचा आकार मात्र समांतरभुज होतो.

रेषा तुम्ही पायाला समांतर ठेवल्या असणार, सगळे तसंच ठेवतात. इज पायाशी सुमारे ४१ अंशांत आहे. फुगण्याची दिशा चौरसाच्या बाजूंशी ४५ च्या आसपास आली की चौरस सर्वांत जास्त तिरका होतो. १ टक्क्याला काटकोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सुटतो आणि कर्णांत १.८ मिमी फरक पडतो. तुमचं माप जवळपास तेच आहे.

उपाय: फळीवर त्रिकोण असा फिरवून आखा की रेषा इज ला समांतर येतील. मग फुगल्यावर चौरसाचा आयत होईल, तिरका होणार नाही. चौकटीत फक्त त्या एका दिशेला दीड मिमी मोकळीक ठेवली की भागतं. त्रिकोण किंचित बेढब होईल, पण त्रिकोणाला चौकट नसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि पॉलिश दोन्ही तोंडांना आणि कापलेल्या कडांनाही लावा. एकच तोंड पॉलिश केलं तर तुकडा वाकतो, त्यावर मग काही इलाज नाही.

फणसाची_फळी

रेषा पायाला समांतरच होत्या. 🙏

रापण

प्लाय घेतलं तर हे सगळं टळेल ना?

करवतकाठी

बऱ्याच अंशी. थर आलटूनपालटून आडवे-उभे असतात म्हणून प्लाय दोन्ही दिशांना जवळजवळ स्थिर राहतं. फक्त आयएस ७१० चं, म्हणजे मरीन, घ्या. साधं आयएस ३०३ चं कडांना पाणी पितं आणि थर उकलतात. या कोड्यात तर हातात येतात त्या सगळ्या कडाच. एमडीएफ कोकणात नकोच, कडा पावासारख्या फुगतात.

पांगारा हलका आणि कापायला लोण्यासारखा, पण टोकं चेपतात. ज-ख-म या त्रिकोणी तुकड्याचं ज कडचं टोक ४१ अंशांचं आहे. दोनदा फरशीवर पडलं की बोथट. आंबा चालेल, नीट वाळलेला असेल तर.

शून्यखर्च

करवतीचं काय? सगळ्यांकडे फ्रेट सॉ नसते. जिगसॉने एकाच त्रिकोणातून चारही तुकडे काढले तर चालतील का? पात्याने खाल्लेल्या लाकडामुळे चौरस बिघडेल असं वाटतं.

दशांशदास

चौरस बिघडत नाही, त्रिकोण बिघडतो. वाटतं त्याच्या उलट.

कापांची एकूण लांबी मोजा: १३१.६ + ६५.८ + ६५.८ = २६३.२. प्रत्येक कापाच्या दोन कडा, म्हणून ५२६.४. चौरसाची परिमिती १३१.६ × ४ = ५२६.४. म्हणजे कापलेली प्रत्येक कड चौरसात बाहेर जाते आणि त्रिकोणाची प्रत्येक बाहेरची कड चौरसात आत येते. पातं रेघेच्या बरोबर मध्यावरून गेलं तर चौरस चारी बाजूंनी सारखा खरवडला जातो, आतले सांधे जसेच्या तसे. जिगसॉचा काप १.३ असेल तर चौरस १३०.३ चा होईल, पण घट्ट आणि नेमका.

त्रिकोणात मात्र कापलेल्या कडा आत असतात. त्या दाबून जुळवल्या की बाहेरच्या कडांना पायऱ्या पडतात. ज पाशी पायरी कापाच्या जाडीच्या पाऊणपट, जिगसॉने सुमारे १ मिमी. बोट फिरवलं की लगेच कळते. फ्रेट सॉला ०.२, म्हणून रापण यांना त्रिकोण छान वाटला.

अट एकच, पातं रेघेच्या मध्यावर हवं. पूर्ण काप रेघेच्या एका बाजूला गेला तर ड पाशी अब ची दोन अर्धी असमान होतात आणि चौरसाच्या कडेला पायरी येते. तसं झालं तर साचा तपासत बसू नका, हात तपासा.

शून्यखर्च

मग जिगसॉवाल्यांनी काय करावं?

करवतकाठी

एका त्रिकोणातून कापूच नका. साच्यावरून चारही तुकडे ३०० × २५० च्या फळीवर सुटे आखा, मध्ये पाचेक मिमी जागा ठेवून. रेघेच्या बाहेरून एक मिमी सोडून कापा. काचेवर १२० चा पॉलिश पेपर चिकटवून कड त्यावर घासत रेघेपर्यंत आणा, शेवटी २२० चा. तुकडा उभा धरताना ठोकळ्याचा आधार द्या, नाहीतर कड गोल होते.

जिगसॉचं पातं जाड लाकडात खाली भरकटतं. १२ मिमीत एक अंश तिरकं गेलं तर वर आणि खाली ०.२ चा फरक पडतो. वरच्या तोंडाला सांधा बंद, उलटं केलं की फट. फट एकाच तोंडाला दिसली तर कारण हेच, दुसरं शोधू नका.

बिजागरी

नावाला जागून विचारते: हे कोडं बिजागऱ्यांनी जोडून साखळीसारखं उघडता येतं ना?

समकोणी

येतं, आणि ड्यूडेनीने स्वतः तसं दाखवलं होतं. कोडं १९०२ च्या त्याच्या वृत्तपत्री सदरातलं, आणि १९०५ मध्ये त्याने रॉयल सोसायटीसमोर महोगनी लाकडाचा, पितळी बिजागऱ्यांचा नमुना मांडला. बिजागऱ्या तीन: ड, इ आणि ख वर. एकीकडे फिरवला की त्रिकोण, उलट फिरवला की चौरस. समान क्षेत्रफळाच्या कुठल्याही दोन बहुभुजांसाठी असे बिजागरीवाले तुकडे करता येतात हे सिद्ध व्हायला मात्र २००८ उजाडलं. तुकडे भरमसाट होतात, तो भाग वेगळा.

करवतकाठी

अडचण ही की बिजागरीची सळई लाकडाच्या जाडीच्या दिशेने उभी असते. ९ मिमी प्लायला ९ मिमीहून लहान बिजागरी लागेल, आणि तिचे स्क्रू प्लायच्या कडेत धरत नाहीत. खरी बिजागरी हवी तर १८ मिमी अखंड लाकूड घ्या. पानं पटाशीने खाचेत बसवा आणि सळईचा मध्य बरोबर ड च्या कोपऱ्यावर आणा. सळई आत सरकली तर तुकडा पूर्ण फिरत नाही, बाहेर गेली तर चौरसात फट राहते. अर्धी सळई बाहेर डोकावणारच, म्हणून चौकटीला खाचा पाडा. ड आणि ख समोरासमोरच्या बाजूंच्या बरोबर मध्यावर येतात, इ मात्र तिसऱ्या बाजूवर जवळच्या कोपऱ्यापासून ५६.३ वर. तिन्ही खाचा मध्यावर पाडल्या की चौकट वाया.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. समुद्राजवळ लोखंडी स्क्रूचा गंज एका पावसाळ्यात लाकडात काळा उतरतो.

९ मिमीला कापडाची बिजागरी: पुस्तकबांधणीचं कापड, ९ मिमी रुंद पट्टी, त्रिकोणाच्या बाहेरच्या कडेवर ड च्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मिमी. घडी पडली की कापडाचे दोन थर मध्ये येतात, साधारण ०.६ मिमी. म्हणून पट्टीची जागा दोन्ही तुकड्यांवर आधी ०.३ ने खरवडून घ्या. इ आणि ख ला तसंच.

बिजागरी

कापडावर भागवते. धन्यवाद.

माडाची_झाप

त्रिकोण-चौरस मोठ्यांना ठीक. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी सोपं काही? टॅनग्राम (चौरसाच्या सात तुकड्यांचं कोडं) सोडून, तो आता सगळीकडे मिळतो.

समकोणी

अधिक चिन्हाचा चौरस. पाच सारखी घरं, प्रत्येकी ४० मिमी, म्हणजे चिन्ह १२० × १२०. फक्त दोन सरळ काप. पहिला: उजव्या घराच्या वरच्या कडेच्या मध्यापासून डाव्या घराच्या खालच्या कडेच्या मध्यापर्यंत. दुसरा: वरच्या घराच्या डाव्या कडेच्या मध्यापासून खालच्या घराच्या उजव्या कडेच्या मध्यापर्यंत. दोन्ही बरोबर केंद्रातून जातात आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. लांबी ८९.४, तीच चौरसाची बाजू. चार तुकडे एकसारखे, त्यामुळे एक हरवला तर दुसऱ्या संचातला चालतो. काप इथेही सगळे बाहेर जातात, म्हणून जिगसॉ चालेल. तुकडे फिरवावे लागतच नाहीत, नुसते सरकवायचे. अखंड लाकूडही चालेल, तिरकं होईल पण फट नाही.

थोड्या मोठ्यांना भास्कराचार्यांच्या बीजगणितातली आकृती. १०० मिमीच्या चौरसात ६०-८०-१०० चे चार काटकोन त्रिकोण आणि मधोमध २० चा चौरस. दोन त्रिकोण समोरच्या बाजूंना सरकवले की ६० आणि ८० चे चौरस शेजारी उभे राहतात. मात्र ते सुटे होत नाहीत, दोघांमधली रेघ काही ठिकाणी तुकड्यांच्या पोटातून जाते. ती चौकटीच्या तळावर रंगवा, नाहीतर मूल विचारतं की दोन चौरस कुठे आहेत, आणि ते बरोबरच विचारतं.

फणसाची_फळी

टॅनग्रामला अखंड लाकूड का नको, हेही आता कळलं. त्यात तुकडे ४५ आणि ९० अंशांत फिरतात. १६० च्या चौरसातले दोन मोठे त्रिकोण: एकाचा कर्ण रेषांच्या दिशेने, दुसऱ्याचा आडवा. कर्णाला कर्ण लावला की पावसाळ्यात एक १६० आणि दुसरा १६१.६.

करवतकाठी

अगदी बरोबर. टॅनग्रामला प्लायच. आणि रंगवायचा तर दोन्ही तोंडं रंगवा, त्यातला समांतरभुज काही आकृत्यांत उलटा करावा लागतो. ड्यूडेनीच्या तुकड्यांना ती गरज नाही, मागे कापड चिकटवलं तरी चालतं.

शून्यखर्च

तीन तुकड्यांत होणार नाही का? एक काप वाचला असता.

दशांशदास

नाही. एरिक डीमेन, तोनान कामाता आणि र्‍युहेइ उएहारा यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिद्धता मांडली की तुकडे उलटे न करता तीन किंवा कमी बहुभुज तुकड्यांत हे होत नाही. चार हा आकडा शंभराहून जास्त वर्षं सगळे वापरत होते, कमीत होत नाही याची सिद्धता मात्र नव्हती.

जमतं की नाही हा प्रश्न सपाट आकृत्यांत उरलेलाच नाही. समान क्षेत्रफळाच्या कुठल्याही दोन बहुभुजांना कापून एकमेकांत बदलता येतं, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालं. बोल्याई आणि गेर्विन १८३२-३३ चे. घनाकृतींत मात्र नाही. घन कापून त्याच घनफळाचा समचतुष्फलक (चार समभुज त्रिकोणांचा ठोकळा) होत नाही, हे मॅक्स डेनने गणितज्ञ हिल्बर्टच्या प्रश्नांच्या यादीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाखवलं. तेव्हा कुणी तसा लाकडी ठोकळा मागितला तर ऑर्डर घेऊ नका.

गजाली

आणि ता ८ बाय ८ चा ६५ कसा होता? त्येची ऑर्डर घेवची काय?

समकोणी

घ्या की! ८ × ८ चे चार तुकडे ५ × १३ मध्ये लावले की ६४ चे ६५ झाल्यासारखे दिसतात. तिरक्या कडांचे चढ वेगळे आहेत, ३/८ आणि २/५, म्हणून कर्णावर एका घराच्या क्षेत्रफळाएवढी लांब बारीक फट उरते. २० मिमीचं घर धरलं तर फटीचे कोपरे कर्णापासून दोन्हीकडे जेमतेम १.४ मिमी सुटतात. जिगसॉच्या कापात ती बेमालूम लपते. सुबक कापलात तर कोडं फसतं, गबाळं कापलात तर चालतं.

रापण

नवीन साचा ५०.९ आणि १५०.९ वर केला. लंब दोन्ही ६५.८. पहिला संच मरीन प्लायमध्ये कापला: १३१.३ आणि १३१.३, कर्ण सारखे. १३२ च्या चौकटीत बसतो, पण आता बाहेर काढायला नखही शिरत नाही.

करवतकाठी

चौकटीच्या तळाला मध्यावर २० मिमीचं भोक पाडा, खालून बोटाने ढकलता येतं. भोक रंगवायच्या आधी पाडा.